स्लॅबचे पोपडे परत परत पडतात, प्लास्टर टिकत नाही : आत सळई गंजलीय का ते कसं ओळखायचं आणि काम नेमकं कुठून सुरू करायचं

मावशीचा नाशिकच्या इंदिरानगरला फ्लॅट आहे, दुसऱ्या मजल्यावर, बिल्डिंग १९९२ची. तिच्या बाथरूमचं आणि बाहेरच्या पॅसेजचं छत तीनदा पडलं. २०१५ला पहिल्यांदा पोपडे निघाले तेव्हा मिस्त्री बोलावून प्लास्टर मारलं, २०१८ला त्याच जागी फुगलं तेव्हा पीओपी आणि वरून वॉटरप्रूफ पेंट, आणि २०२२च्या ऑगस्टमध्ये रात्री दोन वाजता घमेलंभर काँक्रीट वॉशिंग मशीनवर येऊन पडलं. दिवसा पडलं असतं तर मावशी तिथेच मशीनमधून कपडे काढत उभी असली असती. मी सिव्हिलवाला आहे, रिपेअरच्या साइटवर बारा वर्षं झाली, पण पहिल्या दोन वेळेला पुण्यात होतो आणि फोनवरून "प्लास्टर करून घ्या" एवढंच सांगितलं होतं. न बघता तसं सांगायला नको होतं. म्हणून तिसऱ्या वेळी स्वतः उभं राहून केलं ते सगळं इथे लिहितोय, कारण हाच प्रकार मला सिडकोत, नाशिकरोडला, गंगापूर रोडच्या जुन्या बिल्डिंगांमध्ये सारखा दिसतो आणि सगळीकडे लोक तेच करतात जे आम्ही दोनदा केलं.

आधी एक समजूत बाजूला ठेवा. नाशिकचे लोक म्हणतात की स्टील गंजणं हा मुंबईचा प्रॉब्लेम, तिकडे खारी हवा आहे, आपल्याकडे समुद्र कुठाय. समुद्र नाही हे खरं, पण सळई गंजायला मीठच लागतं असं नाही. चांगलं काँक्रीट अल्कली असतं, त्याचा पीएच साडेबारा-तेराच्या आसपास असतो आणि एवढ्या अल्कलीत सळईवर एक अगदी पातळ ऑक्साइडचा थर बसतो, तो थर शाबूत आहे तोवर पाणी आलं तरी सळईला काही होत नाही. आता हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून हळूहळू आत जातो, तिथल्या चुन्याशी त्याची क्रिया होऊन कॅल्शियम कार्बोनेट बनतं आणि पीएच नऊच्या खाली उतरतो. याला कार्बोनेशन म्हणतात. ते सळईपर्यंत पोचलं की तो संरक्षक थर गेला, आता सळई उघडीच समजा, फक्त पाणी यायचं बाकी.

आणि ही गोष्ट मला वाटतं सगळ्यात कमी लोकांना माहिती असते, की कार्बोनेशन कोरड्या-दमट हवेत जास्त वेगाने होतं, म्हणजे हवेतली आर्द्रता साधारण ५० ते ७० टक्के असेल तेव्हा, आणि गंज मात्र ओल आल्यावर लागतो. पूर्ण ओल्या काँक्रीटमध्ये छिद्रं पाण्याने भरलेली असतात, वायू आत शिरत नाही. घराच्या आतलं छत वर्षानुवर्षं कोरडं असतं, त्यामुळे ते आतल्या आत कार्बोनेट होत राहतं आणि वरून काहीही दिसत नाही. पंचवीस वर्षं छत ठणठणीत दिसतं. मग एक दिवस वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचा जॉइंट सुटतो, पाणी झिरपतं, आणि दोन-तीन वर्षांत छत फुगून खाली येतं. लोक म्हणतात इतकी वर्षं काही नव्हतं, अचानक झालं. अचानक काही नाही झालं, अर्धं काम आधीच होऊन बसलं होतं. आपल्याकडे चार महिने पाऊस, मग थंडी, मग कडक ऊन, म्हणजे भिजणं आणि वाळणं हे चक्र तर गच्चीला, छज्ज्यांना, बाल्कन्यांना दरवर्षी मिळतंच. सतत पाण्याखाली असलेलं स्टील हळू गंजतं कारण तिथे ऑक्सिजन पोचत नाही, भिजून वाळणारं सगळ्यात वाईट.

गंज लागला की काँक्रीट का फुटतं ते समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. गंज हा मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा घेतो. सळई चहूबाजूंनी काँक्रीटने धरलेली असते, गंजाला फुगायला जागा नसते, मग तो आतून ढकलतो. काँक्रीट दाबाला भक्कम असतं पण ताणाला फार कच्चं, त्यामुळे सळईची केसाच्या जाडीहूनही कमी झीज झाली तरी तेवढ्या गंजाने कव्हर, म्हणजे सळई झाकणारा काँक्रीटचा थर, तडकू शकतं. एकदा भेग पडली की पाणी आणि हवा थेट आत, मग वेग वाढतो, आणि शेवटी सळईखालचा अख्खा थर सुटून लोंबतो. तुम्हाला जे प्लास्टर पडल्यासारखं वाटतं ते खूपदा प्लास्टर नसतंच, ते स्लॅबचं कव्हर असतं. पडलेल्या तुकड्यात खडी दिसतेय का बघा. काळी खडी दिसली तर गवंड्याला फोन करायच्या आधी थांबा.

आता ओळखायचं कसं. गंजाची भेग सळईच्या रेषेत जाते. कॉलमला ती कोपऱ्याजवळ उभी असते, बीमला खालच्या बाजूने लांब आडवी, स्लॅबला सरळ समांतर रेषा आणि त्यांच्यात साधारण सारखं अंतर, सहा इंच वगैरे, जसं सळयांचं अंतर असेल तसं. जाळीसारख्या वेड्यावाकड्या बारीक भेगा असतील तर बहुतेक प्लास्टर आकसलंय. भिंत आणि कॉलम यांच्या सांध्यातली सरळ भेग ही विटा आणि काँक्रीट वेगवेगळं हलतात म्हणून असते. दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी भेग, आणि खाली काळी माती असेल, तर पाया बघायला हवा, तो वेगळा विषय. तांबूस-तपकिरी डाग भेगेतून ओघळत असेल तर शंकाच नको. पण डाग नाही म्हणून गंज नाही असं मात्र नाही, पेंटखाली डाग झाकला जातो.

मग हातोडी घ्या, साधी, जड नको, आणि संपूर्ण छत हलक्या हाताने ठोकत जा. चांगल्या काँक्रीटचा आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या जागी बद्द येतो, फुटक्या माठासारखा. हे सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते घरच्या माणसाने करता येण्यासारखं सगळ्यात उपयोगी काम आहे. खडूने बद्द जागेभोवती रेघ मारत जा. मावशीकडे पडलेली जागा दोन फूट बाय दीड फूट होती, खडूची रेघ बघितली तर ती पॅसेजच्या जवळपास अर्ध्या छतावर फिरली होती. म्हणजे दोन्ही वेळेला दुरुस्ती झाली होती ती फक्त पडलेल्या भागाची. ठोकताना डोक्यावर हेल्मेट आणि डोळ्यांना चष्मा हवाच, आणि खाली कोणी थांबायचं नाही.

यानंतर पाणी. मला कोणी विचारलं की एकच सल्ला दे तर मी हाच देईन, सिमेंटच्या गोणीला हात लावायच्या आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. आमच्याकडे वरचे काका म्हणत होते आमचं बाथरूम गेल्याच वर्षी टाइल्स बदलून झालंय, आमच्याकडून येणं शक्य नाही. भांडण करायचं नव्हतं. मावशीकडे रंगपंचमीचा उरलेला हिरवा रंग होता (नाशिकला रंगपंचमी घराघरात, डबा शिल्लक असतोच), तो बादलीभर पाण्यात कालवून वरच्यांच्या नहाणी ट्रॅपमध्ये ओतला, आणि दुसऱ्या दिवशी बाथरूमच्या फरशीवर वेगळ्या रंगाचं पाणी ट्रॅप बंद करून साठवून ठेवलं. दीड दिवसात मावशीच्या छतावर हिरवट ओल आली, दुसरा रंग आलाच नाही. म्हणजे टाइल्स ठीक होत्या, ट्रॅप आणि पाइपाचा जॉइंट गळत होता, आणि सनला म्हणजे बाथरूमखालचा मुद्दाम खाली घेतलेला स्लॅब, त्यात भरलेला विटांचा चुरा स्पंजासारखा भिजून बसला होता. काकांनी स्वतः बघितलं आणि लगेच तयार झाले. गच्चीखालचं छत असेल तर पावसाळ्याआधी कोबा, पॅरापेटच्या म्हणजे कठड्याच्या मुळाशी असलेली वाटा (सिमेंटची गोलाई) आणि पावसाच्या पाइपाची तोंडं बघा, गळती बहुतेक तिथेच असते.

पाण्याशिवाय दुसरा शत्रू क्लोराइड, म्हणजे मिठातला घटक, आणि इथे नाशिकचं काय ते सांगतो. समुद्र नसला तरी क्लोराइड येतं. बांधकामाच्या वेळी बोअरचं खारट पाणी काँक्रीट कालवायला आणि क्युरिंगला (पाणी मारून मुरवायला) वापरलेलं असू शकतं, आणि बाथरूम साफ करायला आपण जे ॲसिड ओततो ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, म्हणजे ते काँक्रीटची अल्कली खातं आणि वर क्लोराइडही सोडून जातं. टाइल्सच्या सांध्यातून ते आतच उतरतं. आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, सळईच्या काँक्रीटसाठी क्लोराइडची मर्यादा घनमीटरला ०.६ किलो आहे आणि कालवायच्या पाण्यासाठी लिटरला ५०० मिलिग्रॅम. बोअरचं पाणी लॅबमध्ये तपासायला फार खर्च येत नाही, दुरुस्तीलासुद्धा ते पाणी वापरणार असाल तर आधी तपासा, नाहीतर महापालिकेच्या नळाचं वापरा. क्लोराइडचा गंज वेगळा वागतो, तो सळईला एकसारखा न लागता जागोजागी खड्डे पाडतो, त्यामुळे कधी कधी काँक्रीट फुगायच्या आतच सळई आतून कुरतडलेली असते.

कार्बोनेशन की क्लोराइड ते कळण्यासाठी एक साधी टेस्ट. फिनॉल्फ्थॅलिनचं एक टक्क्याचं अल्कोहोलमधलं द्रावण लॅब केमिकलच्या दुकानात मिळतं. काँक्रीट ताजं फोडायचं, धूळ फुंकरीने उडवायची, आणि फवारायचं. जिथे गर्द गुलाबी झालं तिथे अल्कली शाबूत, जिथे रंगच आला नाही तिथे कार्बोनेशन झालंय. मावशीकडे खालून सरासरी ३० मिमीपर्यंत रंग आला नाही आणि सळई १० मिमीवर होती, काही ठिकाणी तर आठवर. आता गंमत म्हणजे कार्बोनेशनची खोली काळाच्या वर्गमुळाने वाढते, म्हणजे ३० वर्षांत ३० मिमी गेलं असेल तर पहिले १० मिमी अवघ्या सव्वातीन-साडेतीन वर्षांत गेले असणार आणि २० मिमी जायला मात्र तेरा वर्षं. कव्हर दुप्पट झालं की वेळ चौपट मिळतो. सेंट्रिंगवर कव्हर ब्लॉक ठेवायचे कंटाळा करून खडीचे तुकडे ठेवतात, किंवा काहीच ठेवत नाहीत आणि काँक्रीट ओतताना मजूर सळयांवर चालतात, जाळी खाली बसते. ज्याचं नवीन घर सध्या पाथर्डी फाट्याला नाहीतर कुठेही चालू आहे त्याने स्लॅबच्या आदल्या दिवशी जाऊन फक्त कव्हर ब्लॉक मोजावेत, माझी कळकळीची विनंती आहे. आयएस ४५६ मध्येच साध्या वातावरणाला कव्हर २० मिमी (१२ मिमीपर्यंतच्या सळईला त्यात ५ची सूट) आणि मध्यम वातावरणाला ३० मिमी सांगितलंय.

गुलाबी रंग सळईच्या भोवती येतोय आणि तरीही सळई गंजलेली आहे, असं दिसलं तर क्लोराइडचा संशय घ्या आणि ड्रिलने वेगवेगळ्या खोलीची पावडर काढून लॅबला द्या. मोठ्या कामात हाफ सेल टेस्ट करतात, कॉपर सल्फेटचा इलेक्ट्रोड लावून व्होल्टेज मोजतात, उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त उणे आलं तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर, उणे २०० पेक्षा कमी उणे आलं तर गंज नसण्याची तेवढीच. रिबाउंड हॅमरच्या (पृष्ठभागाला ठोका मारून कडकपणा मोजणारं यंत्र) आकड्यावर एकट्यावर विसंबू नका, कार्बोनेट झालेला पृष्ठभाग कडक होतो आणि आकडा उगाच चांगला दाखवतो. मी असे रिपोर्ट बघितलेत ज्यात कॉलम "चांगला" आहे आणि कोपऱ्यात बोट जाईल एवढी भेग आहे.

आता आमची आधीची दोन कामं का फेल गेली. पहिल्या वेळी मिस्त्रीने सळईची फक्त खालची बाजू उघडी केली, तारेचा ब्रश मारला, सिमेंटचं पाणी लावलं आणि प्लास्टर चढवलं. सळईची वरची पाठ गंजलेलीच राहिली, पाणी चालूच राहिलं. दुसऱ्या वेळी तर पीओपी, आणि हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, गंजलेल्या सळईला पीओपी कधीच लावू नका. पीओपी म्हणजे जिप्सम, त्याला अल्कली नसते, ते ओल धरून ठेवतं, सळईला त्यात उलट जास्त गंज लागतो. खालून मारलेल्या वॉटरप्रूफ पेंटने पाणी वरून यायचं थांबत नाही, ते फक्त आत अडकतं. आणि काही जण सळई चकचकीत करायला ॲसिडने धुतात, ते बघितलं तर काम तिथेच थांबवा.

तिसऱ्या वेळी आम्ही काय केलं ते क्रमाने सांगतो. ऑक्टोबरमध्ये वरच्यांचा सनला पूर्ण खोदून भिजलेला चुरा काढला, ट्रॅप बदलला, वॉटरप्रूफिंग करून तीन दिवस पाणी साठवून बघितलं. मग दीड महिना काहीच नाही, स्लॅब वाळू दिला. मावशीला हा दीड महिना फार जड गेला, छत तसंच उघडं, खाली टेकू लावलेले, येणाजाणाऱ्याला सांगत बसावं लागायचं, पण ओल्या स्लॅबवर काम केलं असतं तर पैसे पाण्यात. टेकू म्हणजे जॅक आणि फळ्या, आणि ते फक्त आपल्या मजल्यावर लावून भागत नाही, खालच्या मजल्यावरही लावले, कारण वजन शेवटी खाली उतरतं.

डिसेंबरमध्ये फोडकाम. खडूची रेघ होती तिथपर्यंत आणि पुढे जिथे सळई स्वच्छ लागते तिथून आणखी ५० मिमी, आणि सळईच्या मागे बोट फिरेल एवढी जागा, २०-२५ मिमी. हा मागचा भाग फोडायला मजूर नाखूश असतात, वेळ लागतो, पण सगळं यावरच अवलंबून आहे. सळया साफ केल्यावर व्हर्नियरने मोजल्या. ८ मिमीची सळई तीन-चार ठिकाणी ६ मिमी राहिली होती. ऐकायला दोनच मिमी, पण क्षेत्रफळ काढा, ५० चौरस मिमीचे २८ झाले, म्हणजे ४४ टक्के स्टील गेलं. त्या काळचं स्टीलही टोर होतं, गार असताना पीळ दिलेलं, ते आजच्या टीएमटीपेक्षा लवकर गंजतं. तिथे नवीन सळया जोडल्या, किती आणि किती ओव्हरलॅपने ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घेतलं, हे अंदाजाने करायचं काम नाही. जुन्या टोरला वेल्डिंग करू नका, त्याची ताकद जाते.

मग सळईला झिंक प्राइमर त्याच दिवशी, रात्रभर उघडी ठेवायची नाही. काँक्रीटला बाँड कोट, म्हणजे जुनं-नवं चिकटवणारा थर, तो चिकट असतानाच पॉलिमर मॉर्टर, म्हणजे पॉलिमर घातलेला सिमेंट-वाळूचा माल, १०-१२ मिमीच्या थरांनी, एका दमात जाड थापलं तर स्वतःच्या वजनाने सुटतं. पॉलिमरचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, मिस्त्री डोळ्याच्या अंदाजाने ओततात, म्हणून मी मापाचा मग घेऊन उभा होतो. पाणी मारायचं की हवेत वाळू द्यायचं हे मालानुसार बदलतं, तेही डब्यावरच वाचा. जास्त खोल फोडलं असेल किंवा बीम-कॉलम असेल तर फर्मा लावून मायक्रोकाँक्रीट (अगदी बारीक खडीचं, सहज वाहणारं काँक्रीट) ओतणं बरं. शेवटी पुट्टीआधी अँटी-कार्बोनेशन कोटिंग, शेजारच्या न फोडलेल्या भागालासुद्धा, कारण तिथेही कार्बोनेशन झालेलंच आहे.

अजून एक अडचण, जी चांगलं काम करूनही येते. दुरुस्त केलेल्या तुकड्याच्या कडेला, नेमकी बाहेर, वर्ष-दोन वर्षांत नवी भेग दिसते. गंज म्हणजे आत चाललेली छोटी बॅटरी असते, एका जागी लोखंड विरघळतं आणि ती जागा आपल्या शेजारच्या सळईला नकळत वाचवत असते. ती जागा आपण नव्या अल्कली मॉर्टरने नीट केली की तिचं ते काम बंद होतं आणि शेजारी, जिथे क्लोराइड आधीपासून बसलंय, तिथे गंज सुरू होतो. क्लोराइडच्या केसमध्ये हे हमखास दिसतं. उपाय म्हणजे तुकड्याच्या कडेला सळईला झिंकचे छोटे ॲनोड बांधणं, झिंक झिजतं आणि स्टील वाचतं. मावशीकडे क्लोराइड मर्यादेत निघालं म्हणून गरज पडली नाही, पण ओव्हरहेड टाकीचे कॉलम आणि बीम असतील तर मी हे आवर्जून सुचवतो.

कॉलमला कोपऱ्यात उभी भेग असेल तर वरचं वाचून स्वतः फोडायला जाऊ नका. छताचा तुकडा एका खोलीचा प्रश्न असतो, कॉलम सगळ्या बिल्डिंगचा. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगचं दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. आमच्या सोसायटीत ते एकदाही झालं नव्हतं, मावशीचं छत पडल्यावर मीटिंगमध्ये विषय निघाला आणि मग झालं. त्यात तळमजल्याच्या पार्किंगमधले दोन कॉलम खराब निघाले, जिथे रोज गाड्या धुतात आणि पाणी कॉलमच्या बुडाशी साचतं. त्यांचं जॅकेटिंग, म्हणजे भोवतीने नव्या सळया आणि काँक्रीटचं आवरण, गेल्या वर्षी पूर्ण झालं, आता तिथे उतार दिलाय आणि गाड्या धुवायची जागा बदललीय.

मावशीच्या पॅसेजला तीन पावसाळे झाले. दर गणपतीला गेलो की मी स्टुलावर चढून छत ठोकतो, आवाज खणखणीत येतो. बाल्कनीच्या छज्ज्याच्या खाली मात्र यंदा सरळ बारीक रेघ दिसली, डाग नाही अजून, पण दोन जागी बद्द आहे. ते काम दिवाळीनंतर घेतोय, टेकू आत्ताच लावलाय आणि तुळशीची कुंडी तिथून उचलून आत आणली.